चाळिशी-पन्नाशीनंतर लांब पल्ल्याच्या ट्रकवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळिशी किंवा पन्नाशी ओलांडल्यावर लांब पल्ल्याच्या गाडीवर जाऊ इच्छिणाऱ्यांचे प्रश्न आमच्याकडे सातत्याने येतात. विचारणाऱ्यांमध्ये पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले कामगार आहेत, पुण्यात वर्षानुवर्षे कॅब किंवा टेम्पो चालवलेले आहेत आणि दुकान बंद करावे लागलेलेही आहेत. खालील उत्तरे पुणे परिसर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. या वयात लायसन्स मिळवणे फारसे अवघड नसते, परंतु पहिली एक-दोन वर्षे कमी पैशांत आणि ठरावीक रस्त्यावर काढण्याची तयारी अनेकांची नसते, असे आमचे मत आहे आणि ते उत्तरांमध्ये जागोजागी दिसेल.

१. माझे वय ४८ आहे. या वयात अवजड वाहनाचे लायसन्स मिळते का? कमाल वयाची अट आहे का?

मिळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने व्यावसायिक वाहनासाठी किमान वय २० वर्षे ठरवले आहे. कमाल वय ठरवलेले नाही. शिक्षणाची जुनी अट, म्हणजे किमान आठवी उत्तीर्ण असणे, २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. अडथळा येतो तो वैद्यकीय प्रमाणपत्राच्या वेळी (प्रश्न ५ पाहावा) किंवा नोकरी मागताना, कारण काही मोठ्या कंपन्या नवा चालक घेताना स्वतःची वयोमर्यादा लावतात. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीभोवती ज्यांची कार्यालये आहेत अशा चार-पाच वाहतूकदारांना शिकवणीचे शुल्क भरण्याआधीच भेटून, "माझ्या वयाच्या नवख्या चालकाला घ्याल का?" असे थेट विचारावे. हा प्रश्न लायसन्स हाती आल्यावर विचारणारेच जास्त आढळतात.

२. माझ्याकडे कारचे लायसन्स आहे. तेथून ट्रकपर्यंत कोणते टप्पे आहेत?

हलक्या वाहनाचे लायसन्स काढून किमान एक वर्ष झालेले असले पाहिजे. त्याआधी व्यावसायिक वाहनाचे शिकाऊ लायसन्स मिळत नाही. लायसन्ससाठीच्या सरकारी 'सारथी' पोर्टलवर अर्ज करताना नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि ते मिळाल्यापासून ३० दिवस पूर्ण झाल्याखेरीज पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. व्यावसायिक वर्गासाठी मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रमाणपत्रही लागते. पुणे शहरातील रहिवाशांसाठी एमएच-१२, पिंपरी-चिंचवडसाठी एमएच-१४ आणि बारामती भागासाठी एमएच-४२ ही आरटीओ कार्यालये आहेत.

३. कारच्या लायसन्सवरच छोटा मालवाहू ट्रक चालवता येतो असे ऐकले. ते खरे आहे का?

खरे आहे, मर्यादेत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला, की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेली व्यक्ती ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे व्यावसायिक वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते. एकूण वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून होणारे वजन. ते नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेले असते आणि तेच पाहावे, मालकाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये. धोकादायक मालाच्या गाडीला ही सवलत नाही (प्रश्न १३). उशिरा सुरुवात करणाऱ्यांना हा निर्णय फार उपयोगी आहे, कारण अवजड लायसन्सचा खर्च करण्याआधी काही महिने छोट्या मालवाहू गाडीवर काढून हे काम आपल्याला मानवते का, हे तपासता येते.

४. पुण्यात शिकायचे कोठे? एक एजंट "गाडीला हात न लावता लायसन्स देतो" म्हणतो.

अशा एजंटाकडून घेतलेल्या लायसन्सने आरटीओची पायरी ओलांडता येईल. खंबाटकी घाट उतरता येणार नाही. नियमांनुसार व्यावसायिक वाहनाचे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष चालवणे किमान १५ तास असावे. केंद्र सरकारने २०२१ पासून मान्यता देणे सुरू केलेल्या चालक प्रशिक्षण केंद्रांत अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो. आपल्या भागात भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था, म्हणजे सीआयआरटी, आहे. चालक प्रशिक्षणाच्या चालू अभ्यासक्रमांची चौकशी तेथून सुरू करणे चांगले.

स्कूल निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात. शिकवण्याची गाडी एअर ब्रेकची (टाकीतील दाबाच्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकची) आहे का? भरलेल्या गाडीवर सराव देतात का? रिव्हर्स आणि डॉकला, म्हणजे गोदामाच्या माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याला, गाडी लावणे शिकवतात का? रिकाम्या जुन्या सहा चाकी गाडीवर मोकळ्या मैदानात घेतलेले १५ तास कागदावर पुरे होतात, पण चाकणच्या गोदामात ट्रेलर मागे घेताना ते कामाला येत नाहीत.

५. मला चष्मा आहे, मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र मिळेल का?

चष्म्याची अडचण नाही; चष्म्यासह दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. लाल-हिरव्याची ओळख, रातांधळेपणा आणि श्रवण यांचीही तपासणी नमुन्यात आहे. नियंत्रणात असलेला मधुमेह किंवा रक्तदाब यामुळे लायसन्स आपोआप नाकारले जात नाही. फिट्स येत असतील तर मात्र या कामाचा विचार सोडून द्यावा.

प्रमाणपत्रापेक्षा मोठा प्रश्न असा, की लाइनवर, म्हणजे लांबच्या फेरीवर असताना, हा आजार सांभाळता येईल का. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला जेवणाची वेळ पाळावी लागते. लोडिंगच्या रांगेत चार तास गेले की ती पाळली जात नाही. म्हणून केबिनमध्ये ग्लुकोज, बिस्किटे आणि साखर मोजण्याचे यंत्र हाताशी ठेवावे आणि गाडी सुरू करण्याआधी साखर तपासावी. सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांनी झोप येते. औषधाच्या दुकानात घेताना आपण चालक आहोत हे सांगावे. पन्नाशीनंतर बऱ्याच पुरुषांना वारंवार लघवीला जावे लागते आणि थांबणे टाळण्यासाठी ते पाणी पिणेच कमी करतात. मुतखड्याला ते आमंत्रण आहे. त्यापेक्षा दर दोन-अडीच तासांनी थांबण्याचे वेळापत्रक आधीच ठरवावे. पाठीलाही त्याचा फायदा होतो. झोपेत मोठ्याने घोरण्याची सवय असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर झोपेतील श्वासावरोधाची तपासणी करून घ्यावी. आमच्या मते ही तपासणी या वयाच्या प्रत्येक नव्या चालकाने करावी, मग नमुन्यात ती विचारलेली असो वा नसो.

६. लायसन्स हाती आल्यावर थेट बेंगळुरू किंवा दिल्लीची लाइन घ्यावी का?

घेऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. पहिले काही महिने चाकण ते रांजणगाव, तळेगाव ते भिवंडी किंवा चाकण ते न्हावा-शेवा अशा फेऱ्या कराव्यात. यांत अंतर कमी असले तरी शिकण्यासारखे बरेच असते: गेटपास, वजनकाटा, कंटेनरचे सील, ताडपत्री आणि रस्सा बांधणे, बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) पोच घेणे, बंदरातील रांग. त्यानंतर अनुभवी चालकासोबत जोडीने लांबची लाइन करावी. जोडीदार गाडी देईल तेव्हा चालवावी आणि इतर वेळी तो काय करतो ते पाहावे. तो कोणत्या ढाब्यावर थांबतो आणि कोणत्या टाळतो, यालाही कारण असते.

विशीतला मुलगा क्लीनर म्हणून लागतो आणि चार-पाच वर्षे हे सर्व पाहत मोठा होतो. आपल्याला तेवढा काळ नाही, पण हिशेब, कागद, वेळेची शिस्त आणि माणसांशी बोलणे ही आधीच्या नोकरीतील कमाई आपल्याजवळ असते. काही वाहतूकदार वयस्क नवख्याला पसंती देतात ते याचसाठी. मात्र त्यांना पन्नाशीच्या माणसाला पंचवीस वर्षांच्या उस्तादाच्या हाताखाली बसवावे लागते आणि तेथे मान आडवा येतो. तो येणार असेल तर या धंद्यात येऊ नये.

७. कार तीस वर्षे चालवली आहे. घाटाची भीती वाटत नाही. तरी वेगळे शिकावे लागेल का?

कारचा घाटातील अनुभव भरलेल्या गाडीला लागू पडत नाही, आणि काही बाबतींत तो घातक ठरतो. कार उतारावर ब्रेकने आवरते. ५५ टनांपर्यंत भरलेला ट्रेलर फक्त पायाच्या ब्रेकवर उतरवला, तर ड्रम तापतात, तापलेल्या ब्रेकची पकड सुटते आणि वारंवार दाबल्याने टाकीतील हवाही उतरते. म्हणून उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाकणे, वेग इंजिनावर आणि एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणाऱ्या ब्रेकवर) धरणे आणि पायाचा ब्रेक अधूनमधून थोडाच वापरणे हा क्रम अंगवळणी पडावा लागतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे ही सवय काही चालकांमध्ये आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार पुणेकरांना याच कारणासाठी माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. हा उतार दिसायला घाटासारखा नाही, सरळ आणि रुंद आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. खंडाळ्यात चालक आपसूक सावध होतो. येथे शहराचे दिवे दिसू लागतात आणि प्रवास संपल्यासारखे वाटते. उस्ताद न्यूट्रल करायला सांगत असेल, तर उस्ताद बदलावा.

८. रात्री किती तास चालवावे लागते? या वयात जागरण झेपेल का?

कामाच्या तासांची कायदेशीर मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ अशी आहे. रस्त्यावर ती फारशी पाळली जात नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून काम स्वीकारताना गणित स्वतः मांडावे. पुणे ते बेंगळुरू सुमारे ८४० किलोमीटर. भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ४० धरला, तर नुसते चालवणे २१ तासांचे होते. मालक दीड दिवसात, म्हणजे ३६ तासांत, पोहोच मागत असेल, तर उरलेल्या १५ तासांत जेवण, टोल, वजनकाटा, तपासणी आणि झोप बसवायची आहे. एकट्याने हे करू नये; दुसरा चालक मागावा आणि मिळत नसेल तर ती फेरी सोडावी.

पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीर झोप मागतेच. तरुणाला दोन रात्री जागून तिसऱ्या दिवशी सावरता येते; पन्नाशीत तशी भरपाई होत नाही. ताशी ६० वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांच्या डुलकीत ५० मीटर पुढे गेलेली असते. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी झोप पुढे ढकलली जाते, भागत नाही. झोप पुढे सरकवण्यासाठी गोळ्या देऊ करणारेही ढाब्यांवर भेटतात. त्यांच्याकडे पाहूही नये. आमचा आग्रह असा, की पहिले वर्षभर पहाटेचे हे तीन तास गाडी उभी असावी, आणि ही अट कामाला लागतानाच सांगावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, त्यामुळे नव्या गाडीत दुपारची झोप तरी नीट होते. जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे रस्त्यावर राहतील.

९. पगार कसा ठरतो? महिन्याचा आकडा विचारला तर प्रत्येक जण वेगळा सांगतो.

कारण तो आकडा एका पद्धतीने ठरतच नाही. काही ठिकाणी महिना पगार आणि लाइनवर असताना रोजचा भत्ता मिळतो, काही ठिकाणी फेरीप्रमाणे ठोक रक्कम, तर काही कंपन्यांत किलोमीटरवर आणि गाडीच्या ॲव्हरेजवर बक्षीस असते. फेरी सुरू होताना खर्ची म्हणून आगाऊ रक्कम दिली जाते आणि परत आल्यावर हिशेब होतो. भांडणे बहुतेक या हिशेबात होतात.

ॲव्हरेजचे उदाहरण घेऊ. ८४० किलोमीटरसाठी मालकाने लिटरला ४ किलोमीटर धरले तर २१० लिटर डिझेल मंजूर होते; गाडीने साडेतीनच दिले तर २४० लिटर लागते. लिटरला ९० रुपये धरले, तरी ३० लिटरचे २,७०० रुपये होतात. ते कोणी सोसायचे? गाडी जुनी असेल, माल जड असेल, समोरून वारा असेल, तर त्यात चालकाचा दोष नसतो. म्हणून पुढील बाबी आधी ठरवून निदान व्हॉट्सॲपवर लेखी घ्याव्यात: डिझेलची तूट, टायर फुटल्यास खर्च, मालातील तूट, वराई आणि हमाली (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे) कोणाकडे, गाडी खाली होईपर्यंत थांबावे लागल्यास भत्ता चालू राहतो का, आणि परतीचे भाडे मिळेपर्यंत किती दिवस थांबायचे. शेवटचा मुद्दा नवखे विसरतात. परतीच्या मालासाठी परक्या गावात चार दिवस बसणे हा या धंद्याचा नेहमीचा भाग आहे. आधीच्या नोकरीइतके उत्पन्न पहिल्या वर्षी धरू नये आणि घरखर्चाचे किमान सहा महिन्यांचे पैसे बाजूला असल्याखेरीज नोकरी सोडू नये.

१०. कोणते कागद चालकाला समजले पाहिजेत?

गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी आणि मालाची बिल्टी, चलन व ई-वे बिल (जीएसटीखाली मालासोबत लागणारा ऑनलाइन कागद). यांपैकी ई-वे बिलाची मुदत चालकाने स्वतः पाहावी: दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे बेंगळुरूला पाच दिवस. गाडी बिघडली किंवा रस्ता बंद झाला, तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तासांनंतरपर्यंत ती वाढवून घेता येते; त्यासाठी कार्यालयाला वेळेत फोन जाणे हे चालकाचे काम आहे.

११. मालक जादा माल भरतो. दंड तर मालकच भरेल ना?

कायद्यातील तरतूद गाडी चालवणाऱ्यालाही लागू आहे आणि ती चालवायला लावणाऱ्यालाही. २०१९ च्या दुरुस्तीने ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा केला. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. पैसे मालकाने दिले तरी दंडाचे चलन गाडीबरोबर आपल्याही नावावर लागू शकते, आणि घाटात ब्रेक तापतात ते आपल्या पायाखाली (प्रश्न ७). वजनकाट्याची पावती पाहिल्याशिवाय निघू नये.

१२. अपघात झाला तर चालकाला दहा वर्षांची शिक्षा होते का?

हा प्रश्न जानेवारी २०२४ मधील चालकांच्या संपापासून सतत येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, निष्काळजीपणाने मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली ती हे उपकलम वगळून. मात्र निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारे कलम १०६(१) लागू आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमावाच्या संतापामुळे तेथे थांबणे शक्य नसेल, तर कायद्याने तो अपवाद मानला आहे. अशा वेळी निघावे लागले तरी ११२ वर फोन करावा, जवळच्या पोलीस ठाण्यात हजर व्हावे आणि फोन केल्याची वेळ जपून ठेवावी.

१३. केमिकल किंवा गॅसच्या टँकरला पैसे जास्त मिळतात म्हणतात. तेथे थेट जाता येईल का?

नाही. धोकादायक मालासाठी तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. एक भारतीय भाषा लिहिता-वाचता येणे आणि इंग्रजीचे पुरेसे ज्ञान असणे ही अटही आहे. या नोंदीची मुदत तीन वर्षांची असते. शिवाय अर्धा भरलेला टँकर वळणावर कसा हेलकावतो, हे कळायला साध्या गाडीवरचा अनुभव आधी हवा.

१४. विमा आणि पेन्शनचे काय? मी आता ५२ वर्षांचा आहे.

उशिरा येणाऱ्यांना काही योजनांची दारे बंद झालेली असतात: अटल पेन्शन योजनेत ४० नंतर आणि जीवन ज्योती विम्यात ५० नंतर नव्याने जाता येत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मात्र ७० पर्यंत खुली आहे. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते, ते घेऊनच ठेवावे. भविष्यनिर्वाह निधीतील पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि वयाची मर्यादा ५८ आहे. आधीच्या नोकरीत सात-आठ वर्षे झाली असतील, तर पैसे काढून न घेता निधी कापणारा वाहतूकदार शोधावा, म्हणजे उरलेली वर्षे भरून निघतात. खासगी मुदत विमा किंवा आरोग्य विमा आधीपासून असेल तर व्यवसाय बदलल्याचे कंपनीला कळवावे.

१५. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आले आहेत. स्वतःचाच ट्रक घ्यावा का?

पहिल्या दोन वर्षांत घेऊ नये. चालवणे येणे आणि गाडी पोसणे ही दोन वेगळी कामे आहेत. हप्ता, टायर, विमा, टोल आणि परतीच्या भाड्याचे सांधे जुळले नाहीत, तर निवृत्तीची पुंजी चाकाखाली जाते. कर्ज देणाऱ्या संस्था परतफेड संपतानाचे वयही पाहतात.

१६. मी ४६ वर्षांची आहे आणि स्कूल बस चालवते. बायकांना लांबची लाइन मिळते का?

कायद्यात आडकाठी नाही आणि आपल्याकडे बसचे लायसन्स असल्याने सुरुवात बऱ्याच पुरुषांपेक्षा पुढून होते. खरी अडचण महामार्गावरील स्वच्छतागृहांची आणि रात्री सुरक्षित थांब्याची आहे. ठरलेल्या दोन डेपोंमध्ये चालणाऱ्या पार्सल किंवा वाहन-उद्योगाच्या गाड्यांपासून सुरुवात करावी. तेथे मुक्कामाची जागा आधी ठाऊक असते.

१७. परदेशात ट्रक चालवायला पाठवतो, असे सांगणारे एजंट विश्वासार्ह असतात का?

परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटाची नोंदणी तपासावी. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी इतकेच सेवाशुल्क घेता येते. लाखांत मागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

१८. पंचविशीत अवजड लायसन्स काढले होते, नंतर नूतनीकरण केले नाही. लायसन्सवर दोन तारखा दिसतात. कोणती धरायची?

ट्रकसाठी 'ट्रान्सपोर्ट' समोरची तारीख धरायची. खासगी वाहनाची मुदत वयाप्रमाणे वेगळी चालते: पन्नाशी ते पंचावन्नच्या दरम्यान नूतनीकरण केल्यास साठाव्या वर्षापर्यंत, त्यानंतर दर पाच वर्षांनी. व्यावसायिक वर्ग मात्र एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि प्रत्येक नूतनीकरणाला नमुना १-अ पुन्हा लागतो. त्यामुळे कारची तारीख पुढची असली तरी ट्रकची संपलेली असू शकते, आणि अशा वेळी अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू पाहते. व्यावसायिक मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ गेला असेल, तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. वीस वर्षांनी परतणाऱ्याने चाचणी उत्तीर्ण झाल्यावरही प्रश्न ६ मधील क्रम पाळावा, कारण दरम्यान गाड्या बीएस-६ या नव्या प्रदूषण मानकाच्या झाल्या, डिझेलबरोबर डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी आली, फास्टॅग आला, आणि डॅशबोर्डवर पेटणाऱ्या निम्म्या दिव्यांचा अर्थ जुन्या अनुभवात सापडत नाही.